न पडलेलं झाड

खोडाळा ते मोखाडा या रस्त्यावर माझ्या जीपइतकी सावकाश निघणारी आणि माझ्या तोंडाइतकी जोरात धावणारी दुसरी वस्तू नाही. बावीस वर्षं मी या लाइनीला आहे. जीपची तीन इंजिनं बदलून झाली, तोंड अजून पहिलंच आहे.

आमच्या लाइनीचा कायदा एकच. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. पुढं ड्रायव्हरशेजारी दोघं, नडलं तर तिघं, मधे चार, मागं आमनेसामने सहा, आणि पायरीवर ज्याला घाई असेल तो. त्याआधी कलेक्टर येऊन बसला तरी त्यानं गप बसायचं. पण बसलेलं माणूस कंटाळतं. चहाला म्हणून उतरतं आणि तिकडूनच दुसऱ्या जीपमध्ये चढतं. तसं होऊ नये म्हणून बाकीचे ड्रायव्हर गाणी लावतात, नाहीतर गाडी चार हात पुढं नेऊन परत मागं आणतात, म्हणजे आता निघालीच असं वाटावं. मी गोष्ट सांगतो. दाभोशाचा धबधबा इतका उंच की माझ्या आजोबांची टोपी वरून पडली ती तिसऱ्या वर्षी खाली पोचली, तोवर आजोबांना टक्कल पडून टोपीची गरज दुप्पट झालेली. सूर्यमाळला चैत्रात पाण्याचे असे हाल की माणसं दमून घरी गेली तरी त्यांच्या सावल्या विहिरीवर रांगेत उभ्या राहतात, नंबर जाऊ नये म्हणून. एका वाघानं माझी जीप अडवली, मी म्हटलं सीट नाही, तर बिचारा पायरीवर लटकून मोखाड्यापर्यंत आला आणि उतरताना दार नीट लावून गेला. लोक हसतात. हसणारं माणूस उतरत नाही. एवढ्या एका अकलेवर मी घर बांधलं आणि मुलीला नाशिकला नर्सिंगला घातलं.

आणि याच अकलेनं माझी बायको गेली.

हे आधीच सरळ सांगून टाकतो, कारण पुढं मी वळणं घेईन, ती माझी सवय आहे. पाच वर्षांपूर्वी पावसाळा सरत आलेला, नागली पिवळी पडायला लागलेली. सकाळी बायको म्हणाली, छातीत जळजळतंय, पाठ भरून आलीय. आम्ही दोघांनी मिळून पित्त ठरवलं. आदल्या दिवशी सुकटीची चटणी जरा जास्त झाली होती. ती म्हणाली, तुम्ही जाताच आहात मोखाड्याला तर मीपण येते, दवाखान्यात दाखवून घेते. माझ्याशेजारी पुढं बसली. माझा पहिला नंबर होता आणि दोन सीट कमी होत्या. त्या दोन सीटसाठी मी खोडाळ्याच्या स्टँडवर चाळीस मिनिटं गाडी उभी ठेवली आणि गोष्ट सांगत राहिलो. मोखाड्याच्या अलीकडच्या चढावर तिची मान माझ्या खांद्यावर आली. झोपली असेल म्हणून मी खड्डे चुकवत, गाडी आणखी हळू केली. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं, बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, अर्धा तास आधी हवं होतं.

संध्याकाळी मुलगी नाशिकहून आली. तिचं नर्सिंगचं पहिलं वर्ष होतं. आईजवळ बसून रडली, मग डोळे पुसून तिनं मला नर्सबाईसारखंच विचारलं, "बाबा, दुखायला लागलं कधी? आणि पोचलात कधी?"

मी दोन्ही वेळा खऱ्या सांगितल्या. तिनं मनात वजाबाकी केली. "एवढा वेळ कशाला लागला?"

इतकी वर्षं ज्या तोंडाला कधी शब्द कमी पडला नाही, त्या तोंडातून एक झाड पडलं. "रस्त्यात झाड आडवं झालं होतं," मी म्हणालो. "ऐनाचं."

त्या दिवशी जीपमध्ये आम्हा दोघांखेरीज अकरा माणसं होती. ती सगळी भेटायला येऊन गेली. एकानंही खोडून काढलं नाही. आमच्याकडं दुखात असलेल्या माणसाला कोणी खोटं पाडत नाही, आणि ड्रायव्हरला तर सुखातही नाही, कारण परत त्याच्याच गाडीत बसायचं असतं. एक म्हातारबाबा मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मोठं झाड होतं पोरी." त्यांनी ते दयेपोटी म्हटलं. पण मला साक्षीदार मिळाला. आणि साक्षीदार मिळालेला थापाड्या म्हणजे उतारावरची ब्रेक नसलेली गाडी. दहाव्याला झाड दोघांच्या कवेत मावत नव्हतं, तेराव्याला पाच जणांच्या, आणि दिवाळीपर्यंत त्या ऐनावर तीन मधाची पोळी, एक माकडीण आणि तिचं पिल्लू येऊन बसलं होतं.

मग एक दिवस जंगल खात्याचा गार्ड मोटारसायकलवरून घरी आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "ते ऐनाचं झाड कुठं गेलं?"

"कुठलं?"

"सात जणांच्या कवेत न मावणारं. साहेबांच्या कानावर गेलंय. एवढं मोठं झाड माझ्या बीटमधनं गायब झालं आणि मला पत्ता नाही म्हणतात. पंचनामा नाही, खोड नाही, फांदी नाही. माझी नोकरी जाईल ना दादा."

मी त्याला सांगितलं की लोकांनी सरपणाला नेलं.

"सात जणांच्या कवेतलं झाड एका दिवसात?"

"थंडी होती," मी म्हणालो.

त्यानं भिंतीवरच्या बायकोच्या हार घातलेल्या फोटोकडं बघितलं, कप खाली ठेवला आणि निघून गेला. परत आला नाही. मला वाटतं त्याला कळलं. त्यानंही मला खोटं पाडलं नाही.

त्याच्या आधीच, तेराव्यानंतर, मुलगी म्हणाली, ती जागा दाखव. मी जीप काढली आणि खोडाळा सोडल्यावरच्या पहिल्याच चढावर, एका वळणावर उभी केली, का तर तिथं रस्त्याकडेला एक जुना तोडलेला बुंधा होता. "इथं," मी म्हणालो. ती उतरली. आमच्याकडं वाटेत कोणी गेलं तर येणारा जाणारा त्या जागी एक दगड ठेवतो, नाहीतर हिरवी फांदी टाकतो. मुलीनं एक गोल दगड उचलून ठेवला. पुढच्या खेपेला मी बघितलं तर तिथं चार दगड होते. वर्षात गुडघाभर ढीग झाला. आता कमरेएवढा आहे. कोणी शेंदूर लावला, कोणी घंटा बांधली. ड्रायव्हर तिथं हॉर्न देतात. एका बाईनं तिथं मूल मागितलं आणि तिला जुळं झालं, हे मी सांगतोय म्हणून तुम्ही अर्ध्यावर आणा, पण एक तरी नक्की झालं. माझ्या थापेचा देव झाला. त्याच्यासमोरून मला दिवसातून चारदा जावं लागतं आणि हॉर्न द्यावाच लागतो, नाहीतर मागचे प्रवासी म्हणतात, "दादा, वहिनींना हॉर्न दिला नाहीत."

बायकोचा जीव त्या वळणाच्या जवळपासही गेला नव्हता. ती कुठं गेली हे मला नक्की माहीत नाही, कारण मी गोष्टीचा शेवट सांगत होतो. पण तिचं मरण सुरू झालं ते खोडाळ्याच्या स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर, माझ्या डाव्या हाताला. तिथं कोणीही दगड ठेवलेला नाही.

हे सगळं असंच चाललं असतं. थापाड्याला एक मोठा आधार असतो, दिवस जातात. खरं काय घडलं ते जाणणारी माणसं म्हातारी होतात, विसरतात, मरतात. दोन पावसाळ्यांत रस्ता बदलतो. मग राहते ती सांगितलेली गोष्ट. मीच कधीकधी त्या वळणावर आलो की मला झाड आठवायचं. ओल्या सालीचा वास यायचा. देवाशप्पथ यायचा. आणखी पाचसात वर्षं मिळाली असती तर मी त्या झाडाखाली सुखानं म्हातारा झालो असतो. मधे सिस्टरचा देव आला.

सिस्टर म्हणजे वसईकडच्या एक वयस्क ख्रिस्ती जोगीण. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर त्या आणि आणखी दोघी राहतात, औषधं देतात, पोरींना शिवण शिकवतात. दर गुरुवारी औषधं आणायला माझ्या जीपनं मोखाड्याला जातात. पुढच्या सीटवर बसतात. हातात जपमाळ, तोंडात पुटपुट. माझ्या गोष्टींना न हसणारं एवढं एकच गिऱ्हाईक माझ्या लाइनीवर होतं, त्यामुळं मी त्यांना सोडत नसे.

गेल्या वर्षी एका गुरुवारी गाडी भरायची होती आणि मी सहज खोडी काढली. "सिस्टर, तुमच्या देवाचं वय किती?"

"त्याला वय नाही."

"म्हणजे जन्मतारीख सापडत नाही? आमच्या पाड्यावर निम्म्यांची तीच गत. आधार कार्डावर सगळे एक जानेवारीला जन्मलेत."

मागचे हसले. सिस्टरसुद्धा हसल्या, पहिल्यांदाच. "जन्मच नाही तर तारीख कुठली, दादा. आणि मरणही नाही."

"म्हणजे फार जुना."

"जुना नाही. जुनं व्हायला काळ जावा लागतो. काळ त्यानं केला, तो काळाच्या आत बसलेला नाही. त्याला काल नाही, उद्या नाही. सगळं आत्ताच आहे."

मागून कोणीतरी म्हणालं, "मग त्याला दिवाळी कधी आली ते कळत नसेल."

मला मात्र गंमत वाटली. गोष्ट सांगणाऱ्याला काळ म्हणजे धंद्याचं भांडवल. आधी हे झालं, मग ते झालं, आणि मग काय झालं असेल सांगा. ज्याला सगळं एकदम दिसतं, त्याला गोष्ट सांगणार कशी? मी विचार केला आणि म्हणालो, "आमच्या मुखवट्यांच्या बोहाड्यासारखं का हो? आम्ही मैदानात बसलेलो असतो. गणपतीचं सोंग येतं, नाचून जातं. मग शारदा येते, जाते. मग रावण. एक गेल्याशिवाय दुसरं येत नाही. पण मुखवटे करणाऱ्याच्या ओसरीत जाऊन बघा जव्हारला. सगळे एकाच भिंतीवर टांगलेले. गणपती गेलेला नाही, रावण यायचा राहिलेला नाही. सगळे आहेत."

सिस्टरनी जपमाळ मांडीवर ठेवली. "तीस वर्षं मी हे शिकवते," त्या म्हणाल्या, "आणि मला हे सुचलं नाही. तसंच. फक्त त्याला भिंतीपर्यंत चालत जावं लागत नाही. आणि कुठलाही मुखवटा त्याच्यासाठी अडगळीत जात नाही. म्हणून तो आठवण ठेवतो असंही म्हणता येत नाही. आठवण गेलेल्याची असते. त्याच्यासमोर काही गेलेलंच नाही."

मी खुश होतो. शिकलेल्या बाईनं दाद दिली होती. गाडी भरली, निघालो. आणि चढाला लागलो तसा मी गिअर टाकायलाच विसरलो. सगळे मुखवटे भिंतीवर आहेत म्हणजे तो दिवसही भिंतीवर आहे. गेला नाही. शेंदूर लावून, दगड रचून, सात जणांच्या कवेतलं झाड आडवं टाकून मी झाकलेला तो दिवस तिथं जसाच्या तसा टांगलेला आहे, आणि कोणीतरी आत्ता, या क्षणी, माझ्याकडं बघतोय. माझ्या तोंडाकडं. ते चालू आहे.

आमच्या देवांशी माझं जमतं. वाघदेवाला मी एकदा बोकड बोललो आणि कोंबडी दिली, त्यानं वर्षभर कुरकुर केली आणि सोडून दिलं. आमच्या देवांना कामं असतात, शेतं राखायची असतात, एका माणसाच्या एका सकाळकडं डोळे लावून बसायला त्यांना सवड नाही. हा देव निराळाच.

वळण आलं. मी हॉर्न दिला. सिस्टरनी ढिगाकडं बघून कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला आणि मला हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी रोज तुमच्या पत्नीसाठी प्रार्थना करते. डोळे मिटले की मला दिसतं. झाड आडवं पडलंय, गाडी अडकलीय, तुम्ही हॉर्न देताय, आणि ती तुमच्या खांद्यावर. मी म्हणते, प्रभो, त्या झाडाअलीकडं तिच्याजवळ बस. आज मागितलेलं त्याला त्याच दिवशी ऐकू येतं, दादा. त्याच्याकडं प्रार्थनेला उशीर होत नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "दादा, आज गोष्ट नाही?"

ते आठ दिवस मी कसे काढले ते सांगायला माझ्याकडं वाघ नाहीत. एक म्हातारी बाई रोज डोळे मिटून, आपल्या देवाला हाताला धरून, एका वळणावर नेते आणि म्हणते, इथं बस. आणि तिथं झाड नाही. गाडी नाही. माझी बायको नाही. ती दोन मैल मागं स्टँडवर बसलीय, तिच्या कपाळाला घाम आलाय, आणि तिच्याजवळ बस म्हणून मागणारं कोणीही नाही. मी माणसं फसवली, जंगल खातं फसवलं, ते एक. पण तिच्यासाठी येणारी एकुलती एक मदतसुद्धा मी चुकीच्या पत्त्यावर पाठवत होतो.

पुढच्या गुरुवारी सिस्टर येऊन बसल्या आणि मी गाडी स्टँडवरून काढून पुढं शाळेच्या वळणावर नेली. त्या एकट्याच होत्या गाडीत. "सिस्टर," मी म्हणालो, "झाड नव्हतं."

"कुठलं झाड?"

"ते. कुठलंच नव्हतं." आणि मी सांगितलं. दोन सीट, चाळीस मिनिटं.

मला वाटलं होतं त्या हात जोडतील, देव दयाळू आहे वगैरे म्हणतील. त्यांचा चेहरा लाल झाला. "चार वर्षं," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मी कशासाठी प्रार्थना करत होते?"

"चुकलं माझं."

"मी ते झाड बघितलंय, दादा. मी त्याची पानं बघितलीत." त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. मग म्हणाल्या, "त्याला खरी जागा माहीत होती. मी भलतीकडं बोट दाखवत होते म्हणून तो भलतीकडं गेला नसेल." पण त्या ते मला सांगत होत्या की स्वतःला, ते कळलं नाही.

मी विचारलं. आठ दिवस तेच डोक्यात होतं. "आज मी मागितलं तर त्याला त्या सकाळी ऐकू येतं ना?"

"येतं."

"मग मी मागतो. ती वाचू दे म्हणून."

त्या माझ्याकडं वळल्या.

"म्हणजे त्या सकाळी त्याला माझं मागणं ऐकू आलं होतं," मी म्हणालो. "मी तिकडं थापा मारत होतो, आणि त्याच वेळी हा मी, आजचा, म्हातारा झालेला, इथं बसून तिचा जीव मागत होतो, तेही त्याला ऐकू येत होतं. तुमचंही येत होतं. आणि तरी ती गेली."

"हो," सिस्टर म्हणाल्या.

"का?"

"मला येत नाही उत्तर." त्यांनी जपमाळेची गाठ सोडवायला घेतली, तिला गाठ पडलेलीच नव्हती. "मी तरुण असते तर काहीतरी सांगितलं असतं."

मी म्हणालो, तुमच्यात माफी मिळते म्हणतात, तेवढी तरी द्या. त्या म्हणाल्या, मी फादर नाही, मला तो अधिकार नाही. "आणि फादरांकडं गेलात तरी ते आधी विचारतील की तुमच्या मुलीला सांगितलंत का."

मुलगी आता नाशिकला एका दवाखान्यात नर्स आहे. छातीत दुखणाऱ्यांच्याच वॉर्डात. तिला अर्धा तास म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं. वर्षातून एकदा, आईच्या दिवसाला, ती येते. दुसऱ्या दिवशी मी तिला मोखाड्याला एसटीत बसवून देतो, आणि जाताना वाटेत ती ढिगाशी उतरते. गेल्या वेळीही उतरली. झेंडूची माळ घेतली होती. दगडांवरची सुकी पानं तिनं हातानं झाडली, घंटेचा दोरा सैल झाला होता तो नीट बांधला. मी स्टीअरिंगला धरून बसलो होतो. परत येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, या रस्त्याची झाडं वेळेवर छाटा म्हणून मी अर्ज केलाय. दुसऱ्या कोणाची आई अडकायला नको."

मोखाड्याच्या स्टँडवर पोचलो. नाशिकची गाडी लागायची होती. बाकड्यावर बसलो. तिनं पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मला दिली. मी ती हातात धरून म्हणालो, "झाड पडलं नव्हतं."

तिला वाटलं मी नवीन गोष्ट सुरू केली. ती हसायच्या बेतात होती. "मग काय, उडालं होतं?"

"नव्हतंच. मी खोडाळ्याला गाडी थांबवली होती. दोन सीटसाठी. चाळीस मिनिटं."

तिचा घास तसाच राहिला. समोर एक बाई कंडक्टरशी भांडत होती, कोंबडीचं तिकीट का म्हणून. मुलीनं भाकरी कागदात गुंडाळली, पिशवीत ठेवली, पिशवीची चेन लावली. सगळं सावकाश.

"परत सांग," ती म्हणाली. "काही न घालता."

मी सांगितलं. काही न घालता सांगितलं तर ते एका मिनिटात संपलं. मला स्वतःला आश्चर्य वाटलं की ते एवढंच होतं.

"आई काही बोलली का? स्टँडवर?"

हे मी सिस्टरला सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही. "बोलली," मी म्हणालो.

"काय?"

"म्हणाली, निघा ना आता, बसवत नाहीये."

"मग?"

"मी मागं वळून सगळ्यांना म्हणालो, बघा, हिला लग्नापासून घाई, वरातीतसुद्धा माझ्यापुढं चालत होती. सगळे हसले."

मुलगी वाट बघत होती.

"तीपण हसली," मी म्हणालो. "तोंडाला पदर लावून. मग थोड्या वेळानं तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मला वाटलं, गोष्ट आवडली."

मी मुलीकडं बघितलं तर ती माझ्या हाताकडं बघत होती, डाव्या. जखमेकडं बघतात तशी, कुठवर गेलीय ते पाहायला. मग नाशिकची गाडी लागली. माणसं दाराकडं धावली. ती उठली, पिशवी खांद्याला लावली.

"पोचल्यावर फोन कर," मी म्हणालो.

ती गर्दीत शिरली. खिडकीची जागा तिला मिळाली असावी, डावीकडची, मी उभा होतो त्या बाजूची, पण काच चिखलानं माखलेली होती आणि आत नुसत्या सावल्या दिसत होत्या. त्यांतली एक हलली. तिनं काचेवर हात ठेवला की तोंड फिरवलं, मला कळलं नाही. गाडी त्र्यंबकच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी मी उभाच होतो.

याला आता सात महिने झाले. फोन आलेला नाही. माझ्या जीपचा नंबर लागतो, मी सीट भरेपर्यंत थांबतो, कारण रिकामी गाडी नेली तर डिझेल सुटत नाही. लोक गोष्ट मागतात. त्या खिडकीत काय झालं ते सिस्टरच्या देवाला दिसत असेल, आत्ताही. विचारावंसं वाटतं. पण त्यानं एकदा, त्या सकाळी, माझं ऐकून घेतलेलं आहे.